३४ मीटर हिमोढाखाली तांबं शोधायला गेलो, हाती आला हिरवा दगड. चुकलं कुठं?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या अलीकडच्या एका वाडीतला. धारवाडला जिऑलॉजीत एमएस्सी झाली, दोन वर्षं संडूरकडं लोखंडाच्या खाणीवर काढली आणि गेल्या वर्षापासून कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात आहे. एका छोट्या कंपनीसाठी तांबं-सोनं शोधायलोय. कंपनीचं नाव विचारू नका. फोर्ट सेंट जेम्स म्हणून गाव आहे, तिथनं लाकडाचे ट्रक जातात त्या कच्च्या रस्त्यानं दोन तास आत आमचा कॅम्प. डास असले, की जांबोटीच्या रानातल्या जळवा बऱ्या म्हणायच्या. इंग्रजी ग्रुपवर विचारलं तर मॅनेजरच्या नजरेला पडेल, म्हणून इथं विचारतोय.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही शोधतोय ते पॉर्फिरी जातीचं तांबं. ज्वालामुखीच्या पोटात, एक ते पाच किलोमीटर खोल, मॅग्मा थंड होताना त्यातून गरम खारं पाणी सुटतं. ते भोवतालच्या दगडाला हजारो बारीक भेगा पाडतं आणि त्या भेगांत तांब्याची खनिजं आणि थोडं सोनं सोडून जातं. साठा प्रचंड, कोट्यवधी टनांचा. पण शंभर किलो दगडात तांबं किती, तर दोनशे ते चारशे ग्रॅम. म्हणजे डोळ्याला चकाकणारी शीर वगैरे काही नाही, करडा दगड आणि त्यात पिवळे ठिपके.

अडचण अशी की इथं दगडच दिसत नाही. आमच्याकडं घरामागं चिरेखाण, ओढ्यात उघडा खडक, हातोडा मारला की झालं. इथं हजारो वर्षं बर्फाचा थर होता, तो साधारण ११-१२ हजार वर्षांपूर्वी वितळला आणि जाताना सगळ्या मुलखावर दगड-माती-चिकण यांचा काला थापून गेला. हिमोढ म्हणा, टिल म्हणा. कुठं दोन मीटर, कुठं पन्नास. वर पाइनचं जंगल.

आता माझी कहाणी. मागच्या उन्हाळ्यात आम्ही मातीचे नमुने घेतले. शंभर-शंभर मीटरवर, हातभर खोल, वरच्या तांबूस थरातनं. तांबं सगळीकडं ३५ ते ६० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एवढे भाग. एका जागी मात्र सलग तीन नमुने चढले, सगळ्यात मोठा १८० पीपीएम. सगळे खूश. या जूनमध्ये बरोब्बर त्या १८० वर रिग उभी केली. ३४ मीटर टिल, मग खडक. आणि खडक कसला, तर हिरवट अँडेसाइट, म्हणजे लाव्हाचा दगड, त्यात एपिडोट, क्लोराइट, कॅल्साइट या खनिजांच्या बारीक शिरा, कुठंकुठं पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज. २२६ मीटरवर थांबलो. पूर्ण कोअरमध्ये, म्हणजे रिगनं काढलेल्या दगडाच्या कांडीत, तांबं ९० पीपीएमच्या वर गेलं नाही.

मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, माती तुझी, आकडा तुझा. मी गप्प.

नंतर माझं मीच डोकं चालवलं. बर्फानं माल ढकलत आणला असणार, तेव्हा बर्फ जिकडून आला तिकडं मागं जायचं. तळ्याकाठी तीन ठिकाणी उघडा खडक आहे, त्यावर बर्फाच्या घासण्याचे ओरखडे आहेत. ब्रंटननं, म्हणजे आमच्या कंपासनं, मोजले, सरासरी ४० अंश, म्हणजे बर्फ ईशान्येकडं गेला. मग नकाशावर १८० च्या जागेपासून उलट, २२० अंशावर, दीड किलोमीटर लाइन टाकून पुन्हा माती घेतली. काही नाही. ३५, ४२, ५०, परत ३८.

एक गोष्ट राहिली. आयपी सर्व्हे केला होता, म्हणजे जमिनीत करंट सोडून दगड तो किती वेळ धरून ठेवतो ते बघायचं. त्यात एक चांगला फुगवटा आहे, १८० च्या जागेपासून १४०० मीटरवर. चार्जेबिलिटी, म्हणजे ते धरून ठेवणं, २२, आजूबाजूला ५. रेझिस्टिव्हिटी, म्हणजे करंटला अडवणं, साधारण ३५०. पण तो माझ्या बर्फाच्या रेषेवर बसत नाही, तिच्या पश्चिमेला बाजूला पडतो. आणि त्याच्या डोक्यावरची माती अगदी सपाट, तांबं ३० पीपीएमसुद्धा नाही. तिथं वर करडी चिकणमाती आहे. मॅनेजर म्हणतो, ते ग्रॅफाइट असेल नाहीतर चिकणमातीच बोलत असेल, सोडून दे.

सोडून देऊ का? आणि ते १८० पीपीएम आलं तरी कुठनं?

निपाणी_रिगवाला

मी जिऑलॉजिस्ट नव्हे. चिकोडी-निपाणी भागात बावीस वर्षं पाण्याच्या बोअर मारतोय. तरी एक विचारतो. ते वरचं ३४ मीटर कसं पार केलंस आणि त्यातलं काय ठेवलंस?

आम्ही शंभर फुटाची साधी बोअर मारली तरी दर दहा फुटाला भुकटीचा वेगळा ढीग लावतो, ओळीनं. मालक येतो, ढीग बघतो, इथं मुरूम संपला, इथं काळा पाषाण लागला, इथं तांबडा गेरू. पाणी लागो न लागो, पैसे कशाचे घेतले ते त्याला दिसलं पाहिजे. तुमच्या त्या भारी रिगनं वरचं सगळं केसिंग ठोकून फ्लश करून टाकलं असेल तर मर्दा, अर्धी बोअर फुकट गेली की.

जांबोटीकर

फ्लश केलं. लॉगमध्ये एकच ओळ आहे, ० ते ३४ मीटर ओव्हरबर्डन. मीच लिहिलेली.

हलशीकरीण

अरे, मी हलशीची. व्हँकुव्हरला एका लॅबमध्ये आहे, तुमच्यासारख्यांचे नमुने रोज आमच्या ओव्हनमध्ये असतात. निपाणीच्या दादांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. खडकाला टेकलेलं टिल हे सगळ्यात जवळून आलेलं टिल. तेच तुम्ही चिखलाबरोबर वाहवलंत. पुढच्या वेळी पैसे असतील तर वरच्या भागासाठी सॉनिक ड्रिल मागा, माती अख्खी नळीत येते.

दुसरं, तू हातभर खोलीची तांबूस माती घेतलीस. ती झाडांच्या मुळांनी, पावसानं, आम्लानं बदललेली. टिलमधली सल्फाइडं, म्हणजे गंधकवाली खनिजं, वरच्या मीटर-दीड मीटरात कुजून जातात, तांबं सुटतं, वाहतं, लोखंडाला चिकटतं. म्हणून तिथला आकडा खरा धरायचा नाही आणि खोटाही म्हणायचा नाही. खणून खाली जा. माती तपकिरीची करडी झाली की नमुना घे. एक पुडी ६३ मायक्रॉनखालच्या बारीक मातीच्या विश्लेषणासाठी आणि दहा किलोची एक बादली जड खनिजांसाठी. बादलीतनं चाल्कोपायराइटचे, म्हणजे तांब्याच्या पिवळ्या खनिजाचे, दाणे आले तर मग बोलू. एपिडोटही टाकून देऊ नका, त्याची रसायनं पॉर्फिरीजवळ वेगळी आणि साध्या बदललेल्या लाव्हात वेगळी असतात, लेझर लावून बघता येतात.

सोन्याचे कण मोजून घेणार असशील तर एक सांगते. कणांचे तीन प्रकार करतात: कोरा, वाकलेला, गोळा झालेला. कोरा म्हणजे कडा-कंगोरे शाबूत. बहुतेकांना वाटतं कोरा कण म्हणजे उगम पायाखालीच. तसं सरसकट नसतं. कण पायराइटच्या पोटात बसून पाच किलोमीटर आला आणि पायराइट इथं पोचल्यावर कुजला, तर कण बाहेर पडताना कोराच दिसणार.

आयपीबद्दल मॅनेजरचं अर्धं बरोबर. त्या पट्ट्यात काळे ग्रॅफाइटवाले दगड आहेत आणि त्यांनी बऱ्याच जणांना फसवलंय. पण ग्रॅफाइट असता तर रेझिस्टिव्हिटी धाडकन खाली आली असती, तुझी ३५० आहे. चिकणमातीनंही रेझिस्टिव्हिटीच पडते, चार्जेबिलिटी सहसा एवढी चढत नाही. विखुरलेलं पायराइट असंच दिसतं. त्याच्याबरोबर तांबं असेलच असं नाही, पण पॉर्फिरीभोवती पायराइटचं कडं असतं हे तू शिकलायसच.

जिओसायन्स बीसीच्या क्वेस्ट प्रकल्पाचा हवाई डेटा डाउनलोड केलास का? फुकट आहे. उत्तरेला माउंट मिलिगन, दक्षिणेला माउंट पॉली, दोन्ही पॉर्फिरी तांब्याच्या खाणी, पट्टा तोच, आणि मधला मुलूख हिमोढाखाली झाकलेला म्हणून कुणाला काही सापडत नाही, नेमक्या त्यासाठीच तो सर्व्हे केला होता.

अथणीकर

विषय सोडून विचारतो, माफ करा. आमच्या शेतात विहिरीतनं हिरवा दगड निघालाय. तांबं असेल काय?

शहापूरचा_हातोडा

अथणीकर, नाही. तुमच्याकडं काळा बेसाल्ट. त्यातल्या पोकळ्यांत हिरवं सेलॅडोनाइट भरलेलं असतं. सुरीनं खरवडा, मऊ मातीसारखं सुटेल. विहीर पूर्ण करा.

जांबोटीकर, तुझी पोस्ट काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. मी शहापूरचा, सोनाराच्या घरातला. वय ७१. नोकरी मध्य प्रदेशात मलंजखंडच्या तांब्याच्या खाणीवर झाली. ते तांबं पॉर्फिरी म्हणायचं की नाही यावर आम्ही मेसमध्ये रात्र-रात्र भांडलोय, कारण तो ग्रॅनाइट २५० कोटी वर्षांच्या आसपासचा आणि पॉर्फिरी एवढी जुनी सहसा टिकत नाही. उथळ जागी तयार होते, डोंगर झिजला की तीही झिजून जाते. आपल्या धारवाडी खडकांत ती शोधायला कुणी फारसं का जात नाही, त्याचं एक कारण हे. मधली तीन वर्षं मी कॅनडात कंत्राटावर होतो, तुझ्या दक्षिणेला, क्वेनेलच्या अंगाला. तेव्हा तुझं दुखणं मला ओळखीचं आहे.

आमच्या दुकानात वर्षातनं एकदा झारेकरी यायचा. नव्या पिढीला माहीत नसेल, सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, धुऊन, गाळून त्यातनं सोनं काढणारा माणूस. वडील केर तीन डब्यांत ठेवायचे. एक ऐरणीखालचा, एक बागेसरीभोवतीचा, म्हणजे शेगडीभोवतीचा, एक उंबऱ्यापाशी झाडून आणलेला. झारेकरी आधी विचारायचा, डबा कुठला? मग चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळायचा. मी लहान असताना एकदा उंबऱ्याच्या डब्यात मला लखलखीत कण दिसला. मी ओरडून दाखवला. त्यानं भाव एक पैसा वाढवला नाही. म्हणाला, हा कुणाच्या चपलेला लागून आलाय, याच्यामागं आणखी नाहीत.

तुझे १८० पीपीएम उंबऱ्यावरचे आहेत. तू आकडा वाचलास, डबा कुठला ते विचारलं नाहीस. आणि उंबऱ्यावरच खणत बसलास.

आता हे असं का होतं ते सांगतो, कारण मला वाटतं धारवाडला हे कुणी शिकवत नाही आणि शिकवायचं कारणही नाही, आपल्याकडं बर्फ आला तो ३० कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या खुणा बघायच्या तर चंद्रपूरजवळ इराईला जावं लागतं. तुझ्या घरी भाताची शेती असणार. चिखलणी झाल्यावर बैलामागं फळी फिरवतात ती डोळ्यांपुढं आण. वाफ्याच्या एका टोकाला शेणखताचा ढीग राहून गेलाय. फळी त्यावरनं गेली तर ढिगाची जागा आधी चिखलानं झाकली जाते, कारण फळी मागनं चिखल ओढत आणतेच आहे. खत पुढं ओढलं जातं, आधी खाली खालीच, आणि चार पावलं पुढं गेल्यावर वर तोंड काढतं. ढिगाच्या जागी उभं राहिलास तर पायाखाली नुसता चिखल दिसेल. बर्फ तेच करतो. उगमाच्या डोक्यावर जे टिल बसलेलं असतं ते मागच्या मुलखातनं आलेलं, त्यात तांबं नसतं. तांब्याचा माल खडकाला चिकटून पुढं सरकतो आणि हळूहळू टिलमधनं वर चढतो. चढ फार हलका असतो. मी जिथं जिथं मोजला तिथं एक-दीड अंशाच्या आसपास आला. तुझ्याकडं ३४ मीटर जाडी आहे. दीड अंशानं ३४ मीटर चढायला १३०० मीटर लागतात, एक अंशानं १९०० च्या वर. कागद-पेन्सिल घे, करून बघ. तुझा फुगवटा १४०० मीटरवर आहे म्हणतोस.

त्या फुगवट्यावर माती सपाट आली याला तर काहीच अर्थ नाही. करडी चिकणमाती म्हणजे बर्फ वितळताना साचलेल्या तळ्याचा गाळ. तो पाण्यानं कुठनं कुठनं आणून टिलवर पांघरलाय. खालच्या खडकाशी त्याचा संबंध नाही. तिथं तांब्याची आख्खी भिंत असती तरी वर ३० पीपीएमच आलं असतं.

आणि तुझा हिरवा दगड. त्याला तू हाती लागलेला भोपळा समजतोयस. एपिडोट, क्लोराइट, कॅल्साइट, थोडं पायराइट, हे पॉर्फिरीचं बाहेरचं कडं असतं. मधोमध पोटॅशवाला भाग, तिथं गुलाबी फेल्डस्पार, काळा बायोटाइट, मॅग्नेटाइट आणि तांबं. त्याच्या बाहेर बऱ्याच ठिकाणी पांढुरका सेरिसाइट-पायराइटचा भाग, आणि सगळ्यात बाहेर तुझा हिरवा. नुसता लाव्हा जुना होऊनही असा हिरवा होतो, म्हणून मी छातीठोक सांगत नाही. हलशीच्या बाईंनी सांगितलेली एपिडोटची तपासणी त्यासाठीच कर. कोअर टाकून दिली नसशील तर त्या शिरा वरनं खाली जाताना दाट होतात की विरळ तेही मोज.

फिनलंडमध्ये आउटोकुम्पूची तांब्याची खाण कशी सापडली ठाऊक आहे? १९०८ साली कालवा खोदताना एक धोंडा निघाला, तांब्यानं भरलेला. ओटो ट्र्यूस्टेट नावाच्या माणसानं बर्फाची वाट उलट धरली आणि १९१० मध्ये सुमारे ५० किलोमीटर मागं जाऊन खडक गाठला. ती पॉर्फिरी नव्हे, जात वेगळी, पण शोधायची रीत हीच. धोंडा सापडला तिथंच तो खणत बसला असता तर? पुढं त्याच देशात खनिजाचा वास ओळखायला कुत्रीसुद्धा शिकवली, धोंडे हुंगायला. मला तेव्हापासून वाटतं की आमच्या मोत्याला उगाच घरी बसवलं.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे तुला मॅनेजरचं वाईट वाटणार नाही. क्वेनेलकडं पहिल्याच हंगामात मी ६० बादल्या भरल्या. छान सुटी माती, फावडं लोण्यासारखं जायचं. मी खूश, कारण दुसरा पोरगा कडक जमीन फोडत दिवसाला तीन बादल्या भरायचा, मी आठ. निकाल आले, कशाचा कशाला मेळ नाही. मग एक म्हातारा टिलवाला आला, माझ्या खड्ड्यात उतरला, एक गोटा उचलला, थुंकीनं ओला केला, तिरप्या उन्हात धरला आणि माझ्याकडं बघितलं. गोटा गोल गुळगुळीत होता. ओढ्यातला. मी टिल म्हणून ज्या ६० बादल्या भरल्या त्या बर्फाच्या पाण्यानं धुऊन वाहून आणलेल्या वाळू-गोट्याच्या. एकदा बर्फानं हलवलेलं, मग पाण्यानं दुसऱ्याच दिशेला हलवलेलं. पुरा हंगाम गेला.

खरं तळटिल, म्हणजे बर्फाच्या तळाशी दाबून बसलेलं टिल, फावड्याला सहज दाद देत नाही. वर शेकडो मीटर बर्फाचं ओझं होतं त्याच्यावर. ढेकूळ फोडलं तर पापुद्र्यांनी फुटतं. त्यात सगळं असतं, चिकण, वाळू, खडे, धोंडे, कशाला काही ओळ नाही. गोटे कपड्याच्या इस्त्रीसारखे, एक बाजू सपाट, टोक निमुळतं. तो सपाट भाग ओला करून तिरप्या उन्हात धरलास तर बारीक समांतर ओरखडे दिसतात. दहा गोट्यांत दोनावर दिसले तरी पुरे. प्रत्येक खड्ड्यातनं शंभर गोटे मोजायचे, कुठला दगड किती. गुलाबी फेल्डस्पारवाला मोंझोनाइट, म्हणजे मॅग्मा थिजून झालेला दगड, कुठं वाढायला लागतो ते बघ, तो आकडा तांब्याच्या आधी बोलतो.

ओरखड्यांबद्दल दोन प्रश्न. तिन्ही ठिकाणी एकच दिशा होती की एकावर एक दोन संच होते? तिकडं बर्फानं दिशा बदललेली असते, आणि माल वाहिलेला असतो तो बहुतेक वेळा जास्त काळ टिकलेल्या दिशेनं, शेवटच्या नव्हे. दुसरं, ४० अंश म्हणजे ईशान्येकडंच हे कशावरनं? ओरखडा दोन्हीकडं सारखाच दिसतो. खडकाची कुठली बाजू घासून गुळगुळीत आणि कुठली उपटून खडबडीत ते पाहिलंस ना?

आणि हो, ब्रंटनचं डिक्लिनेशन, म्हणजे कंपासची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, लावलं होतंस ना?

जांबोटीकर

काका, कालपासनं हे उत्तर लिहायला हात होत नव्हता.

ओरखडे एकाच दिशेचे. नैर्ऋत्येची बाजू गुळगुळीत, ईशान्येची उपटलेली, फोटो आहेत. ते ठीक आहे.

डिक्लिनेशन लावलं नव्हतं. ब्रंटन माझा स्वतःचा आहे, धारवाडला घेतलेला, बाजूचा स्क्रू घेतल्या दिवसापासनं शून्यावर. आपल्याकडं फरक अंशभराचा, सर म्हणायचे विसरा. पाच वर्षं विसरलो. इथं तो १७ अंश पूर्व आहे. कंपनीच्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी मला सांगितलं नाही, आणि मला माहीत नाही हे मलाच माहीत नव्हतं.

म्हणजे माझे ४० हे खरे ५७. आणि उलट दिशा २२० नव्हे, २३७. काल रात्री तंबूत नकाशा उघडून १८० च्या जागेपासून २३७ ची रेषा ओढली. आयपीचा फुगवटा २४० वर आहे. १४०० मीटरवर १७ अंशांचा फरक म्हणजे चारशे मीटर होतात. मी दीड किलोमीटर लाइन टाकली ती पूर्णच्या पूर्ण बाजूनं गेली.

नकाशा बघून मी बाहेर जाऊन बसलो. डाससुद्धा चावले नाहीत असं वाटलं, पण सकाळी तोंड बघण्यासारखं झालं होतं.

निपाणी_रिगवाला

आमच्याकडं नारळ हातावर उभा करून पाणी दाखवणारे आहेत. त्यांना डिक्लिनेशन लागत नाही.

मग आता बोअर कधी?

जांबोटीकर

दादा, तो भाग दलदलीचा आहे. रिग आत्ता नेली तर रुतून बसेल. जमीन गोठली की, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. तेही मॅनेजरनं मान्य केलं तर. त्याला सकाळी सांगितलं. स्क्रूचंही सांगितलं, लपवलं नाही. तो बराच वेळ नकाशाकडं बघत बसला, मग म्हणाला, आता सगळ्यांचे कंपास तपास. दोघांचे आणखी चुकीचे निघाले. एकाचा तर १७ पश्चिमेला लावलेला.

हलशीकरीण

हे मी आमच्या ग्रुपवर टाकणार आहे, नाव न घेता. १७ पश्चिमवाला तर ३४ अंशांनी गेला म्हणायचा.

डिसेंबरपर्यंत गप्प बसू नकोस. रिग मागताना हातात दुसरं काहीतरी पाहिजे. नुसत्या आयपीवर पैसे मिळत नाहीत.

शहापूरचा_हातोडा

खरं सांगितलंस ते बरं केलंस. मी ६० बादल्यांचं सहा महिने सांगितलं नव्हतं.

आता असं कर. २३७ च्या रेषेवर चिकणमाती सुरू होते तिथपर्यंत जा. तिच्या अलीकडं, जिथं टिल उघडं आहे तिथं, रेषेवर चार खड्डे. मग रेषेला आडवे, दोन्हीकडं दोनशे-दोनशे मीटरवर आणखी दोन-दोन. मालाचा पट्टा अरुंद असतो, आडवं खणल्याशिवाय त्याच्या कडा कळत नाहीत. प्रत्येक खड्डा न कुजलेलं करडं टिल लागेपर्यंत. बादली दहा किलोची, वर गोट्यांची मोजणी. उगमाच्या जवळ जाशील तसं तांबं खड्ड्याच्या वरच्या भागात कमी आणि तळाशी जास्त सापडायला पाहिजे. म्हणून एका खड्ड्यातनं एक नाही, दोन पुड्या घे, वरची आणि तळाची, आणि पिशवीवर आधी जागा लिही, नंतर माती भर. उलटं झालं तर तंबूत आल्यावर काही आठवत नाही, हा माझा अनुभव. लाकडाच्या रस्त्यासाठी कुठं कड कापली असेल तर तीही बघ, खणायचे कष्ट वाचतील.

खड्डा झाला की फोटो टाक. मातीचा, तुझा नको. आणि बाजूला फावडं ठेव, माप कळेल.